तिसरी पिन

पहिलं कार्ड मेलं तेव्हा मी उन्हावर ढकललं.
लाखांदूरच्या मे महिन्यात माणूस टिकत नाही,
म्हटलं, तिथं चिप काय टिकेल.
वनमालाबाईंनी मान हलवली, पैसे मोजून दिले.
एकवीस लग्नं अडकली होती त्या डब्यात,
आणि पडद्यावर आसगावच्या नवरीला
कपाळापासून हनुवटीपर्यंत
हिरवे चौकोन.

दुसरं गेलं पोळ्याच्या आधी.
आता मी खोलात शिरलो.
झाकण काढलं तर आत धानाचा कोंडा,
शेजारच्या राईस मिलनं श्वासाश्वासातून पाठवलेला.
ब्रशनं झाडला. पात्या एकेक पुसल्या.
कार्डाचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासले,
वाळकी पेस्ट खरवडून नवी लावली, वाटाण्याएवढी,
रॅम काढून परत बसवली,
एसएमपीएस नागपूरहून मागवला, साडेसहाशे वॅटचा,
आणि वजनानं कार्ड झुकतं म्हणून
खाली पेन्सिलीच्या तुकड्याचा टेकू दिला.
टेकू पाहून मलाच माझं कौतुक वाटलं.

अडीच महिने.

दिवाळीनंतर तिसरं मेलं तेव्हा बाई एवढंच बोलल्या,
"सोविंदाभाऊ, तुमच्या हातचं काऊन टिकत नाही जी?"
मी उत्तर शोधायला टेबलाखाली शिरलो.

टेबलाखाली बराच वेळ काही सापडत नाही.
मग त्यांचा भाचा टिकेश, मुरमुरे खात खात, म्हणाला,
"ते गिऱ्हाईक आल्यावरच मरते."
मी म्हटलं, गप बस.
आणि गप मीच बसलो.
मेमध्ये आसगावचे आले होते,
मग विरलीचे, परवा बारव्हाचे,
दरवेळी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीची केबल ओढून
चालू मशीनला खोचायची,
फोटो दाखवायचे,
चहा सांगायचा.

चप्पल काढली. बोटांच्या मागल्या बाजूनं
डब्याच्या पत्र्याला शिवलो.
मुंग्यांची एक रांग कोपरापर्यंत चढली.
"तो चावतेच," बाई म्हणाल्या, "आम्ही चप्पल घालूनच बसतो."
सगळ्या दुकानाला ठाऊक होतं.
मी कधी विचारलंच नव्हतं.

मीटरची एक सळई पत्र्याला, दुसरी टीव्हीच्या केबलीला.
एकशे आठ.
एवढा जप करत बसलेली ती वीज
जमिनीत जायची वाट मागत होती फक्त,
आणि वाट मिळाली ती कार्डातून,
केबलीतून, टीव्हीतून, छतावरच्या छत्रीच्या तारेतून,
लोखंडी पाइपातून
खाली.

वायर धरून मागं मागं गेलो.
बोर्डात प्लग. प्लगला दोन पिना.
वरच्या जागी पकडीचा तिरपा दात उमटलेला.

पकड माझी.
दोन वर्षांपूर्वी, सॉकेटच्या वरच्या भोकात
कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं,
पवनीची शेवटची बस हॉर्न देत होती,
मी म्हटलं, "चालते",
आणि कट्.
पिन कुठं उडाली तेही पाहिलं नाही.

प्लग तळहातावर घेऊन बाईंसमोर उभा राहिलो.
सगळं सांगितलं. मधे एकदा पाणी प्यालो.
त्या प्लगकडे पाहत राहिल्या, माझ्याकडे नाही.
मग म्हणाल्या, "तिन्ही कार्डाचे लिहून ठेवते,"
आणि वहीत खरंच लिहिले.

मागच्या बोळात अर्थिंगचा खड्डा,
त्यावर विटा, मोडकी सायकल.
टिकेशनं खडेमीठ ओतलं, मी कोळसा,
मग बादलीनं पाणी.
कोरडी माती आवाज करत पीत गेली.
नवा सॉकेट. नवा प्लग, तीन पिनांचा.
पत्र्याला हात लावला, तर नुसता पत्रा. थंड.

चौथ्या कार्डावर आसगावची नवरी पूर्ण दिसली,
कपाळावर बाशिंगाचा वळ, डोळ्यांत झोप.
तिला आता मुलगी झालीय म्हणतात.

रात्री झोप नाही.
साकोलीपासून पवनीपर्यंत कोणाकोणाच्या घरी
मी "चालते" म्हणालो, आठवत पडलो.
पिठाची गिरणी. ग्रामपंचायतीतला प्रिंटर.
कन्हाळगावच्या शाळेतला टीव्ही,
लहान पोरं अनवाणीच असतात तिथं.

सकाळी पिशवीत चाळीस प्लग घेतले.
पकड घरीच ठेवली.